डब्यावरचं ‘कमी’

माझ्या हातून आयुष्यात जी काही थोडीफार पुण्यकर्मं झाली, त्यातलं एक निव्वळ चुकीचं वाचल्यामुळे झालं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या आमच्या ऑफिसात सरांच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे. झाकणावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर ठसठशीत रोमन अक्षरांत लिहिलेलं: KAMI. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, अरे वा, आपल्या आधी इथे कुणी मराठी बाई काम करून गेलेली दिसते. बिस्किटं ‘कमी’ झालीत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून चिठ्ठी लावून ठेवलीय बिचारीने. झाकण उघडून बघितलं तर तळाशी दोनच बिस्किटं. खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी येताना सुपरमार्केटमधून दालचिनी-लवंगेच्या डच बिस्किटांचा पुडा आणला आणि डबा भरून ठेवला.

दोन महिने हे चाललं. डबा रिकामा व्हायचा, मी भरायचे. पट्टी काही कुणी काढेना, म्हणून मीही थांबेना. एकदा तर घरी केलेली नानकटाई नेऊन भरली. सर झाकण उघडायचे, आत बघायचे, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि काही न बोलता एक बिस्कीट उचलायचे. एकच. डच माणूस कॉफीबरोबर एकच बिस्कीट खातो आणि लगेच झाकण लावतो, हे तोवर मला कळलं होतं. पण हे गृहस्थ ते प्रसादासारखं दोन्ही हातांनी का घेतात, ते काही कळत नव्हतं.

सर म्हणजे त्या ऑफिसातले सगळ्यात जुने आणि पगार न घेणारे कर्मचारी. निवृत्त होऊन कैक वर्षं झालेली, तरी रोज नऊच्या ठोक्याला हजर. ताडमाड उंची, तिला कायम तोकडी पडणारी पँट आणि घोट्याला लावलेली सायकलची क्लिप, जी दिवसभर तशीच राहायची. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी साहेबालासुद्धा. मला ते जमेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला डोंबिवलीत वाढलेली जीभ वळेना. मी आपली ‘सर’ म्हणत राहिले. त्यांनी दोनदा हरकत घेतली, मग नाद सोडला. आमचं बोलणं निम्मं इंग्रजीत, निम्मं डचमध्ये चाले, पण मराठीत सांगताना मी त्यांना ‘तुम्ही’ आणि ते मला ‘तू’ असंच येणार, त्याला इलाज नाही.

आमची संस्था म्हणजे तीन खोल्या आणि कॉफीचं एक मशीन. इंडोनेशियातल्या जावा बेटावर डचांनी आपल्या राजवटीत एक विद्यापीठ काढलं होतं. पुढे राज्य गेलं, विद्यापीठ राहिलं आणि त्यात डच भाषेचा एक छोटासा विभागही राहिला. या विभागाला डच सरकार अनुदान देई. पैसा एका मंडळाच्या मार्फत यायचा आणि त्या मंडळाकडे दरवर्षी अर्ज करायचा, अहवाल पाठवायचा, हे आमच्या संस्थेचं काम. कागदोपत्री याला ‘सांस्कृतिक संबंध’ म्हणत. राज्य गेलं की संबंध सांस्कृतिक होतात, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. पण मला त्याच्याशी काय करायचं होतं? नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे डिपेंडंट म्हणून आलेली मी, तीन वर्षं नीउ-व्हेनेप गावातल्या घरात बसून कंटाळले होते. आठवड्यातले तीन दिवस, लायडनला जायला दहा-बारा मिनिटांची गाडी आणि काम काय, तर ऑनलाइन फॉर्म भरणं. मी आनंदाने हो म्हटलं.

सरांनी तरुणपणी त्याच विभागात पुष्कळ वर्षं शिकवलं होतं. आता विभाग चालवायची ती त्यांचीच एक विद्यार्थिनी. तिकडे बाईंना ‘इबू’ म्हणतात, त्याचं लाडकं रूप ‘बू’. सर तिला ‘बू’ म्हणत, म्हणून मीही. बूच्या हाताखाली तीन शिक्षक. तिकडचे जमिनीचे जुने कागद, जुने कायदे सगळे डचमध्ये आणि जुन्या वळणाच्या अक्षरात. ते वाचू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. आपल्याकडे सातबाऱ्याच्या मागे लागलेला माणूस मोडी वाचणारा शोधत फिरतो, तसं तिकडे लोक बूकडे येत. विभाग बंद पडला तर ते कागद मुके होतील, असं सर म्हणायचे. असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

सरांचा छंद एकच, ‘वेइ’ पकडणं. डचमधलं ‘वेइ’ म्हणजे इंग्रजीतलं ‘वुई’. हातात आलेल्या कुठल्याही कागदावर, मग ते विम्याचं पत्र असो की नगरपालिकेची कचऱ्याची सूचना, तो शब्द दिसला की सर पेन्सिलीने त्याला गोल करत आणि शेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह काढत. पेन्सिल बोटभर उरली तरी टाकत नसत. एकदा आम्ही दोघं स्टेशनवर उभे असताना घोषणा झाली, गाडी उशिरा येत आहे, आम्ही दिलगीर आहोत. सरांनी वर लाउडस्पीकरकडे बघून मोठ्याने विचारलं, ‘कोण कोण?’ आजूबाजूची माणसं जरा लांब सरकली.

मला हसू यायचं, पण मनातून हा माणूस आपल्या जातकुळीचा वाटायचा. कारण मीही त्यातलीच. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मनातल्या मनात दुरुस्त करत चालणारी. इथल्या गणपतीची आमंत्रणपत्रिका छापायच्या आधी तपासायला माझ्याकडे येते आणि ‘न’च्या जागी ‘ण’ घातल्याशिवाय ती घरातून बाहेर जात नाही. नवरा मला ‘लाल पेन’ म्हणतो.

गंमत म्हणजे सर स्वतः ‘वेइ’ हा शब्द कधी लिहीत नसत. त्यांच्या अहवालात सगळं आपोआप घडे. पुस्तकं पाठवली जात, वर्ग घेतले जात, परीक्षा पार पडत. शाळेत आपण ‘रामाकडून रावण मारला गेला’ शिकलो, तसला कारभार. फरक इतकाच की सरांच्या वाक्यात रामही नसे. रावण मारला गेला, पूर्णविराम. मंडळाने आदल्या वर्षी त्याबद्दल शेरा मारला होता: हे काम नेमकं कोण करतं ते समजत नाही.

डब्याचा उलगडा झाला तो एका बुधवारी. बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. नवरा मीटिंगमध्ये अडकला होता, म्हणून मी मुलीला ऑफिसात घेऊन आले. आठ वर्षांची पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर येतं डचमधून. पण त्या दिवशी कंटाळून चक्क मराठीत म्हणाली, ‘आई, आम्ही घरी कधी जाणार?’

‘आम्ही नाही गं. आपण. आपण घरी कधी जाणार.’

‘सेमच आहे ना!’

‘सेम कसं? मी येणारे ना तुझ्याबरोबर? मग आपण. मला इथे ठेवून तू आणि बाबा जाणार असाल, तर आम्ही.’

तिने खांदे उडवले. पण पलीकडून सरांनी मान वर केली. काय दुरुस्त केलंस, म्हणाले. मी सांगितलं. आमच्यात ‘वेइ’ दोन आहेत. एकात समोरचा माणूस असतो, एकात नसतो. मुलगी इथे वाढली, तिला दोन्ही सारखेच वाटतात.

सर इतक्या जोरात उठले की त्यांचं डोकं टेबलावरच्या लोंबत्या दिव्याला आपटलं. ‘कामी!’ ते ओरडले. ‘किता!’

मला आधी ‘कित्ता’च ऐकू आलं. मग त्यांनी समजावलं. इंडोनेशियन भाषेतही हेच दोन शब्द आहेत. कामी म्हणजे आम्ही, ऐकणारा बाहेर. किता म्हणजे आपण, ऐकणारा आत. आणि मग त्यांनी डब्याकडे बोट केलं.

‘आठ वर्षं हा डबा इथे आहे. कामी. म्हणजे आमचा, तुमचा नाही. याचा अर्थ काय, असं कुणीतरी विचारेल म्हणून लावलं होतं. कुणी विचारलं नाही. मग तू आलीस. तू वाचलंस आणि एक शब्द न बोलता डबा भरून ठेवलास. मी म्हटलं, हिला कळलं. याच्याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलं नसतं.’

आता काय सांगणार कपाळ! क्षणभर वाटलं, गप्प बसावं आणि थोरपणा पदरात पाडून घ्यावा. पण खोटं पचत नाही मला. ‘सर,’ मी म्हटलं, ‘मी ते ‘कमी’ वाचलं. आमच्यात कमी म्हणजे थोडं. मला वाटलं, बिस्किटं संपत आलीत म्हणून चिठ्ठी लावलीय.’

त्यांनी डब्यावरची पट्टी पुन्हा एकदा वाचली. मग हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, ‘कामी म्हटलं की कमीच पडतं. बरोबर वाचलंस तू.’

त्या दुपारी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तरुणपणी जावाला नवे असताना विद्यापीठातला जुना हॉल डच सरकारच्या पैशाने दुरुस्त झाला. समारंभात भाषण सरांचं. स्थानिक भाषेत बोलायची हौस. ते म्हणाले, ‘हा हॉल किता बांधला.’ आपण बांधला. आपलेपणा दाखवायला म्हणून. टाळ्या पडल्या, पण जरा हातचं राखून. नंतर चहा देताना ग्रंथालयातला म्हातारा शिपाई हळूच म्हणाला, ‘माझ्या बापाने इथे विटा वाहिल्या. तुमची माणसं छत्रीखाली उभी होती. यात ‘आपण’ कोण, साहेब?’

सरांना रात्रभर झोप लागली नाही. पुढल्या वर्षी चूक सुधारायची म्हणून ते भाषणात म्हणाले, ‘हा हॉल कामी बांधला.’ आम्ही बांधला, तुम्ही नाही. यावेळी टाळ्याच पडल्या नाहीत.

‘आपण म्हणावं तर खोटं,’ सर म्हणाले, ‘आम्ही म्हणावं तर माज. तेव्हापासून मी तो शब्दच सोडला.’

हे ऐकल्यावर मला त्यांच्या अहवालांवर हसवेना.

पुढच्या वर्षी मंडळाचा नवीन फॉर्म आला. वर ठळक सूचना: वाक्यं कर्तरी असावीत, प्रत्येक उद्दिष्टाची सुरुवात ‘वेइ’ने करावी. शिवाय पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते याच अर्जावर ठरेल. सर फॉर्मकडे बघत बसले. मुदत संपायला चार दिवस उरले तरी एक रकाना भरेनात. मी वैतागले.

‘सर, तिकडे चार माणसांच्या नोकऱ्या तुमच्या एका सर्वनामावर अडल्यात.’

‘पण कुठलं ‘वेइ’?’

‘कुठलंही! त्यांच्याकडे एकच आहे, त्यांना काय कळतंय!’

‘म्हणूनच,’ ते म्हणाले. पण भरायला बसले. मी टाइप करत होते आणि ते प्रत्येक ‘वेइ’ला तळटीप सांगत होते: इथे कामी, इथे किता. रकान्यात तळटिपा मावेनात. शेवटी मी त्या सगळ्या एका वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडल्या. पंधरा दिवसांनी मंडळाचा निरोप आला: तळटिपा समजल्या नाहीत, समक्ष येऊन भेटा.

हेगला, मंडळाच्या ऑफिसात, आम्ही दोघं गेलो. सरांनी घोट्याची क्लिप काढली होती, यावरून प्रसंग ओळखावा. समोर मंडळाची अधिकारी, तिशीची, पायात पांढरे बूट, वागायला चांगली मुलगी. तिने स्वतः कॉफी आणून दिली. बशीत तीन बिस्किटं. मग म्हणाली, ‘थोडक्यात सांगा. या अनुदानातून ‘आपल्याला’ काय मिळतं?’

‘आपल्याला म्हणजे कुणाला?’ सरांनी विचारलं.

‘आपल्याला. नेदरलँड्सला.’

‘मग ही बाई त्यात आहे का?’ सर माझ्याकडे बोट करून म्हणाले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ‘सांग हिला,’ ते मला म्हणाले, ‘तुझ्या भाषेत हे कसं असतं ते सांग.’

मी ऑफिसातली साधी कारकून. माझं डच म्हणजे ‘हे कुठे मिळेल’ आणि ‘ते किती वाजता उघडतं’. मग बशीच दिसली. मी ती उचलून सरांच्या आणि माझ्या मध्ये ठेवली. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एवढे दोन शब्द मराठी ठेवून बाकी मोडक्या डचमध्ये म्हटलं, ‘आम्ही बिस्किटं खातो. म्हणजे हे आणि मी. तू बघायचंस.’ मग बशी तिघांच्या मधोमध सरकवली. ‘आपण बिस्किटं खातो. आता तुलाही घ्यायला हवं, नाहीतर वाक्य खोटं पडेल.’

ती हसली आणि तिने एक बिस्कीट घेतलं. मग बशीकडे बघून म्हणाली, ‘हे तुम्ही फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?’

‘जागा नव्हती,’ सर म्हणाले.

परतीच्या गाडीत ते इतके खूश होते की प्रत्येक स्टेशनची घोषणा कामी की किता ते मला विचारत होते. मलाही वाटलं, जमलं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. भेट अत्यंत संस्मरणीय झाली, असं पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं की प्राधान्यक्रम बदलल्यामुळे या वर्षअखेर अनुदान बंद करण्यात येत आहे. बंद करण्यात येत आहे. कोणाकडून, ते नव्हतं. कर्तरी प्रयोग फक्त मागणाऱ्यांसाठी असतो.

मला रडू आलं, खरंच आलं. माझीही नोकरी त्याच्याबरोबर जाणार होती, पण रडू त्याचं नव्हतं. सर रडले नाहीत. आठवडाभर बूला पत्र लिहीत बसले. लिहायचे, फाडायचे. शेवटी एक लिफाफ्यात घातलं आणि मला म्हणाले, ‘चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून वाक्यात लिहिला तो शब्द. कामी. ‘आम्ही तुमच्यासाठी हे टिकवू शकलो नाही.’ इथे बरोबर आहे ना?’

‘बरोबर आहे, सर,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

बूचं उत्तर महिन्याने आलं. सोबत मंडळाच्या माहितीसाठी इंग्रजी भाषांतर. ते मी वाचलं: नम्र, छोटं पत्र, ‘वुई’ सहा वेळा. विभाग बंद होणार नाही, विद्यापीठाने स्वतःच्या खर्चाने तो चालवायचं ठरवलं आहे. मी ओरडतच सरांकडे गेले. त्यांनी मात्र इंडोनेशियनमधलं मूळ पत्र मागितलं, पेन्सिल काढली आणि गोल करत खाली खाली गेले. विभाग आम्ही चालवू. शिक्षक आम्ही नेमले. अभ्यासक्रम आम्ही बदलतोय. आम्ही शिकलो ते विसरणार नाही. आम्ही आभारी आहोत.

‘पाच कामी,’ सर म्हणाले. पेन्सिल खाली ठेवली. ‘हे त्यांच्या तोंडून यावं म्हणून इतकी वर्षं थांबलो. इतकं नेमकं वापरलंय तिने. मीच शिकवायला हवं होतं असं.’ मग म्हणाले, ‘पण लागलं गं.’

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इथे असं करत नाहीत, पण ठेवला.

‘सर, भाषांतरात सहा होते,’ मी म्हटलं.

त्यांनी पत्र उलटलं. मागच्या बाजूला तीन ओळी होत्या. जमिनीच्या कागदांच्या अजून शंभरेक पेट्या तळघरात आहेत, त्यातलं काही हस्ताक्षर मला एकटीला लागत नाही. तुमचे डोळे चांगले असतील तर या. किता वाचू.

सरांनी त्या शब्दाला गोल केला नाही.

वर्ष संपायच्या आत ते गेले, स्वतःच्या तिकिटाने, परतीची तारीख न ठरवता. अजून तिकडेच आहेत. निघाले त्या दिवशी माझी सुट्टी होती. त्यांना निरोपाचे समारंभ आवडत नसत, म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला असणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर त्यांचं टेबल मोकळं होतं आणि डबा माझ्या टेबलावर. पट्टीवरच्या KAMI वर पेन्सिलीने एक रेघ मारलेली. खाली देवनागरीत, पहिलीतल्या मुलासारखं, कुठून तरी बघून बघून काढलेला, वरची रेघ शेवटी एकदम ओढलेला एक शब्द: आपन.

ऑफिस बंद झालं, डबा घरी आला. परवा मुलीने त्यातून बिस्कीट घेताना झाकण निरखून बघितलं. रविवारच्या मराठीच्या वर्गाला ती आता तिसऱ्या इयत्तेत आहे.

‘आई, हे चुकलंय. ‘ण’ पाहिजे.’ आणि तिने टेबलावरचं माझं लाल पेन उचललं.

मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. ‘चुकलंय,’ म्हटलं. ‘राहू दे तसंच.’